डिझेल मंजूर नसलेले इंजिन

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. 'जुने' म्हणताना मला थोडा संकोच वाटतो, कारण जुने होण्याआधी काहीतरी काम करावे लागते. माझ्याबरोबर कारखान्यातून बाहेर पडलेली माझी भावंडे आज नक्कीच थकली असतील. कुणी पाणी उपसून, कुणी चक्की फिरवून, कुणी बोट ढकलून. मीही थकलो आहे, पण नुसता उघडून आणि जोडून घेऊन थकलो आहे. माझे आटे झिजले, नटांचे कोपरे गोल झाले, आणि एवढे होऊनही कित्येक वर्षे मी स्वतःच्या जोरावर एक फेरासुद्धा फिरलो नव्हतो. ही त्याची हकिगत. लांबण लागली तर कंटाळू नका. बसून राहिलेल्याला ऐकणारा मिळाला की थांबायचे भान राहत नाही.

आमच्या कारखान्यात प्रत्येक इंजिन बाहेर पाठवण्याआधी एकदा चालवून बघायची पद्धत होती. आम्ही ओळीने उभे राहून आपापल्या पाळीची वाट पाहत असू. माझ्या शेजारच्याने पहिला धूर सोडला तेव्हा मला त्याचा हेवा वाटला. माझी पाळी आली तेव्हा मुकादम हातातला कागद वाचून म्हणाला, "हे शाळेत जायचंय. याला कशाला पळवताय? तिथं याला उघडूनच ठेवणार आहेत." झाले, मला तसेच पुढे सरकवले. मला वाईट वाटले नाही. शाळेत जाणार म्हणजे आपण इतरांपेक्षा वरचढ, असे मला वाटले. तुम्हालाही शाळेच्या पहिल्या दिवशी तसेच वाटले असेल. दुसऱ्या दिवशीचे मी विचारत नाही.

मला एका मोठ्या तलावाकाठच्या छोट्या वस्तीत पाठवले. मागे डोंगर, पुढे पाणी. बाजार, दवाखाना, मोठी शाळा, सगळे पलीकडच्या तीरावर. डोंगराला वळसा घालून रस्ता आहे, पण त्या रस्त्याने सकाळी निघालेला माणूस संध्याकाळीच पोहोचतो. म्हणून सगळ्यांची भिस्त एका सरकारी लाँचवर. मीही त्या लाँचमधूनच आलो. धक्क्याला लागून मासळीसाठी बर्फ साठवायची एक पत्र्याची खोली रिकामी पडली होती, तिला चुना मारून तिचे प्रशिक्षण केंद्र केले. चुन्याने भिंती पांढऱ्या झाल्या, वास मात्र मासळीचाच राहिला. खोलीच्या दारातून सबंध धक्का दिसायचा, आणि माझी बैठक दारासमोरच होती. म्हणूनच पुढचे सगळे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

उद्घाटनाला पाहुणे आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून भाषण केले. "आता इथल्या हातांना इथंच काम मिळेल. कुणाला वस्ती सोडून जावं लागणार नाही," असे ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या. मग माझ्या पोटावर पांढऱ्या रंगाने नंबर घातला गेला आणि मी सरकारी झालो.

शिकवायला एक सर होते. कंत्राटावरचे. दरवर्षी कंत्राट संपायचे आणि नवे येईपर्यंत सरांचा चेहरा उतरलेला असायचा. माणूस मनापासून शिकवणारा. आल्या आल्या त्यांनी वर लिहून कळवले, की इंजिन चालवून दाखवायला डिझेल लागेल. पुष्कळ दिवसांनी उत्तर आले. अभ्यासक्रमात 'इंजिन उघडणे व जोडणे' एवढेच नमूद आहे, चालवण्याचा उल्लेख नाही, सबब डिझेल मंजूर करता येत नाही. सरांनी पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर आले. तिसऱ्यांदा त्यांनी लिहिले नाही, कारण कंत्राट संपत आले होते.

मग सर तोंडाने शिकवू लागले. मला जोडून झाले की ते म्हणायचे, "समजा, आता हे चालू झालं." आणि गाल फुगवून ढग्-ढग्-ढग् असा आवाज काढायचे. "समजा, आता बिघडलं." मग खोकल्यासारखा आवाज. मुले वह्यांत उतरवून घ्यायची. एकाने तर 'ढग्-ढग्' असे तीन वेळा लिहून खाली रेघ मारली होती. मला हसू यायचे, पण हसणार कशाच्या जोरावर? माझी टाकी कोरडी ठणठणीत होती. तिच्या झाकणाला कुणाचा हातही लागत नसे, कारण आत बघण्यासारखे काही नव्हते.

परीक्षेची तर गंमतच होती. परीक्षक सकाळच्या लाँचने यायचे आणि त्यांना दुपारच्या लाँचने परतायचे असायचे. त्यामुळे सगळ्यात लवकर होणारा बिघाड ते करून ठेवायचे. बिघाड म्हणजे काय, तर माझ्या नोझलमध्ये, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीत, काजळी कोंबायची. दरवर्षी नोझल. दरवर्षी काजळी. पहिल्या तुकडीने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला, आणि सगळे धडाधड पास होत गेले. आमच्या वस्तीत पुढेपुढे कुणाचा कंदील पेटला नाही तरी लोक म्हणायचे, "नोझल बघ रे आधी!"

पास झालेल्यांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. काय होणार? वस्तीत इंजिने दोनच, एक मी आणि एक लाँचचे. माझ्यावर काम नव्हते आणि लाँचवर म्हातारे नावाडी होते. पास झालेले हात पलीकडच्या तीरावरून शहरात गेले. कुणी विटा वाहायला लागले, कुणी रात्रपाळीचे पहारेकरी झाले. चौघेजण तेवढे मागे राहिले, ते धक्क्यावर बसून जाळी दुरुस्त करायचे आणि एकमेकांना 'मेकॅनिक' म्हणून हाक मारायचे.

आता धाकटीची गोष्ट. सगळे बोललो ते तिच्यासाठीच.

धाकटी म्हणजे नावाड्यांची धाकटी सून. थोरला मुलगा आणि सून शहरात जाऊन तिथलेच झाले होते. धाकटीचा नवराही बांधकामावर गेला होता, दोन-चार महिन्यांनी दोन दिवस यायचा आणि येताना सिमेंटने फाटलेले हात घेऊन यायचा. धाकटी सासऱ्यांबरोबर लाँचवर जाई, दोर बांधी, सोडी, तिकिटे फाडी. तिला इंजिन शिकायचे होते, म्हणून ती आमच्या तुकडीत आली. पण त्या वर्षी माणसेच भरेनात. ठरलेल्या संख्येच्या खाली पट गेला तर वर्ग बंद, असा नियम होता. धाकटी घरोघर हिंडली. तरी एक नाव कमी पडत होते. तेव्हा तिने सरळ सासूबाईंना आणून बाकावर बसवले.

"अगं, मला काय करायचंय त्या डिझेलच्या धंद्याशी?" सासूबाई कुरकुरल्या.

"आई, तुम्ही नुसत्या बसा. भाजी घरी निवडता, ती इथं निवडा."

"आणि मास्तरांनी काही विचारलं म्हणजे?"

"नोझल म्हणा."

सासूबाई वर्षभर माझ्यासमोर बसून भाजी निवडत राहिल्या. अधूनमधून डुलकी काढत आणि जाग आली की "नोझल" म्हणत. सर हसायचे आणि हजेरी लावायचे. वर्षाच्या शेवटी त्याही पास झाल्या. त्यांनी प्रमाणपत्र चुलीच्या वरच्या भिंतीला लावले आणि सुनेला म्हणाल्या, "आता मला धाक घालू नकोस. मीपण मेकॅनिक आहे."

धाकटी मात्र मला शिकली. तिचे हात माझ्या अजून लक्षात आहेत. इतर जण नट ओढायचे, ती आधी बोटाने चाचपून बघायची. माझ्या आतला प्रत्येक भाग ती पुसून जुन्या चादरीवर ओळीने मांडायची आणि त्याच ओळीने परत बसवायची. मी थकलो होतो, तरी ती उघडायला आली की मला त्रास वाटत नसे.

तेवढ्यात बातमी आली. नावाडी आता वयाने आणि डोळ्यांनी थकले होते. सुकाणू त्यांच्याकडे राहील, पण इंजिनासाठी एक पगारी माणूस नेमायचे ठरले. अट अशी, की माणूस वस्तीतलाच हवा आणि याच केंद्रात शिकलेला हवा. साहेब येऊन लाँचवरच चाचणी घेणार होते, ठरलेल्या वेळात इंजिन चालू करून दाखवायची. आणखी एक अट होती, वयाची. चौघे मेकॅनिक त्या अटीत केव्हाच बाद झाले होते, धाकटी जेमतेम बसत होती. पुढच्या वेळेपर्यंत तिचे वय उलटणार होते. म्हणजे तिला संधी ही एकच.

"घरात पगाराचं एक माणूस असलं की झालं," ती सरांना सांगत होती. "मग हे परत येतील. मासेमारीत एखाद-दुसरा महिना रिकामा गेला तरी चूल बंद पडणार नाही. सर, मला फक्त एवढी चाचणी काढू द्या."

"काढशील गं. तुझ्याइतकं हे इंजिन कुणाला येतं?" सर म्हणाले. मलाही तसेच वाटले.

चाचणीच्या आदल्या दिवशी नावाड्यांनी काय केले, ते ऐका. सुनेची परीक्षा, साहेब येणार, तर लाँच आरशासारखी दिसली पाहिजे, म्हणून त्यांनी फळ्या घासल्या, दोर धुतले आणि टाकीतले सगळे डिझेल कॅनमध्ये काढून टाकी आतून चिंधीने पुसली. कॅन घरी नेऊन ठेवला. सकाळी भरू म्हणाले. सकाळी साहेब वेळेआधीच मासेमारीच्या होडीतून येऊन उतरले. मग चहा, खुर्ची, विचारपूस, यांत नावाडी गुंतले. साहेबांनी बसल्या बसल्या पहिले सांगितले ते हे, की उमेदवाराच्या नातेवाइकांनी लांब बसायचे, मध्ये बोलायचे नाही. नियम बरोबरच होता. नावाडी बिचारे सासूबाईंना घेऊन झाडाखाली जाऊन बसले. तिथून त्यांच्या अधू डोळ्यांना लाँच म्हणजे एक हिरवा ठिपका दिसत असेल. कॅनची आठवण त्यांना तिथे बसल्यावरही झाली नाही. सून पास होणार या आनंदात माणूस विसरले.

धाकटीने हँडल मारले. इंजिन फिरले, पेटले नाही. पुन्हा मारले. पुन्हा तेच.

धक्क्यावरून चारही मेकॅनिक एका सुरात ओरडले, "नोझल!"

तिने नोझल काढले, उन्हात धरून पाहिले, पुसले, बसवले. हँडल. काही नाही. मग तिने ते पुन्हा काढले. मग फिल्टर उघडला. तो लखलखीत होता, नावाड्यांनी कालच धुतला होता. मग तिने वरचे झाकण खोलले. साहेब घड्याळ बघत होते. मी दारात बसून सगळे पाहत होतो आणि घोडे कुठे पेंड खाते आहे ते मला कळत होते. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. तिची काही चूक नव्हती. ती ज्या इंजिनावर शिकली, त्याच्या टाकीत कधी काही नसायचेच. मग बिघाड शोधताना टाकीत डोकवावे, हे तिला कुणी शिकवणार कसे?

शेवटी तिने टाकीकडून येणारी नळी सोडवली. नळीतून एक थेंब पडला नाही. ती तशीच नळी हातात धरून थांबली. मग उठली, टाकीचे झाकण फिरवून आत पाहिले आणि कितीतरी वेळ मान वर केली नाही.

सरांना तिच्या पाठीवरूनच कळले असावे. ते घाईने साहेबांजवळ गेले. "साहेब, जुनं इंजिन आहे. पंपच गेलेला दिसतोय. इंजिनच नादुरुस्त असेल तर चाचणी पुढं ढकलता येते ना? महिनाभराची तारीख द्या."

"येते," साहेब म्हणाले. "तसा शेरा मारतो. पण मग लाँचला सील लावावं लागेल. वरून नवा पंप येईपर्यंत नादुरुस्त लाँचवर माणसं चढवता येणार नाहीत."

"किती दिवसांत येतो पंप?" धाकटीने लाँचमधूनच विचारले.

साहेब खरे बोलणारे होते. "मागच्या ठिकाणी पावसाळ्याच्या आधी मागवला होता. पावसाळा संपल्यावर आला."

सर तिच्याकडे बघत होते. नुसते गप्प बसली असती तरी पुरे होते. तारीख मिळाली असती, तिचे वयही तेवढ्यात उलटले नसते. पण धक्क्यावर दप्तरे घेऊन पोरे उभी होती, आणि एका बाईच्या कडेवर तापाने फणफणलेले मूल होते. चाचणी संपायची आणि लाँच निघायची सगळे वाट पाहत होते. धाकटीने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि हात पुसत धक्क्यावर आली.

"साहेब, पंप चांगला आहे. इंजिनात काही बिघाड नाही. टाकी रिकामी आहे. मी बघितलीच नाही."

मग सासूबाई झाडाखालून ओरडल्या, नियम धाब्यावर बसवून ओरडल्या, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! अहो, ऐकलंत का? तुमचा कॅन घरी राहिला!" नावाडी धडपडत उठले. ते घराच्या दिशेने धावायला लागले आणि चढावर दोनदा पडले. ते बघवत नव्हते.

कॅन आला तेव्हा चाचणीची वेळ उलटून गेली होती. धाकटीने डिझेल भरले, नळीतली हवा काढली, हँडल मारले आणि लाँच पहिल्याच फटक्यात बोलू लागली. पोरे चढली, ती बाई चढली, साहेबही चढले, कारण त्यांनाही परत जायचे होते. तिने सगळ्यांना पलीकडे नेऊन सोडले. ती परतल्यावर मी तिच्याच तोंडून ऐकले, की उतरताना साहेब तिला म्हणाले होते, "बाई, तुम्ही मला व्यवस्थित आणलंत. पण हे मला लिहिता येत नाही. चाचणी संपली होती."

"चिडलेसुद्धा नाहीत गं," ती सासूबाईंना सांगत होती. "चिडले असते तर बरं झालं असतं."

नावाडी तिच्यासमोर यायला तयार नव्हते. तीच त्यांच्याजवळ गेली. "मामंजी, पुसून इतकी चांगली ठेवली होतीत टाकी. बघायचं काम माझं होतं." म्हातारा माणूस ओंजळीत तोंड घालून रडला. ती रडली नाही. कॅनमध्ये तळाशी थोडे डिझेल उरले होते. तो कॅन उचलून ती तरातरा माझ्याकडे आली आणि तिने माझ्या टाकीचे झाकण उघडले. ते इतके गंजले होते, की पान्याने ठोकावे लागले.

"धाकटी, नको," सर दारात येऊन म्हणाले. "त्याच्यावर नंबर आहे. काही झालं तर माझं कंत्राट जाईल."

"सर, हे उपाशी ठेवून आम्हाला शिकवलंत. आज मी याला चालू झालेलं बघणार. तुम्हाला नसेल बघायचं तर बाहेर थांबा."

सर बाहेर गेले नाहीत. त्यांनी बाह्या वर सारल्या. "हवा मी काढतो," ते म्हणाले. "हँडल तू मार."

मित्रांनो, पहिला स्फोट झाला तेव्हा मी फुटलो असेच मला वाटले. मग दुसरा झाला, तिसरा झाला, आणि मग माझे मलाच थांबवता येईना. खोली काळ्या धुराने भरली, पत्रे थडथडू लागले, फळ्यावरचा खडू खाली पडला. भाजी टाकून सासूबाई बाहेर पळाल्या आणि खिडकीतून डोकावून ओरडल्या, "अगं बाई, हे जिवंत आहे की!" माझी कितीतरी वर्षांची गंजकी धूळ नळकांड्यातून बाहेर पडत होती. मला आनंद झाला का? झाला. पण खरे सांगतो, त्याहून जास्त मला दमल्यासारखे वाटले. हे एवढेसे काम होते. एका कॅनच्या तळातले डिझेल. एवढ्यासाठी इतके दिवस?

"सर," धाकटी ओरडून म्हणाली, "तुमचं ढग्-ढग् चुकीचं होतं! हे असं कुठं वाजतंय?"

सर हसायला लागले. तीही हसली, हसता हसता तिथेच जमिनीवर बसली आणि मग मोठ्याने रडली. डिझेल संपत आले तसा मी अडखळू लागलो. तिने लगेच डोळे पुसले आणि माझ्याकडे कान दिला. उपाशी पडताना इंजिन कसे आचके देते, कसे एकेक ठोका गाळते, ते तिने शेवटपर्यंत ऐकले.

"हे काल ऐकलं असतं तर," ती म्हणाली.

त्यानंतर वरातीमागून घोडे यावे तसे एकेक कागद येत राहिले. त्या जागेसाठी योग्य स्थानिक उमेदवार मिळाला नाही, पुढच्या वेळीही मिळाला नाही तर बाहेरचा नेमू, असा एक कागद आला. केंद्राने ठरलेल्या संख्येइतकी माणसे शिकवून झाली, उद्दिष्ट पूर्ण झाले, सबब वर्ग बंद, असा दुसरा आला. त्या संख्येत सासूबाईही होत्या. सरांचे कंत्राट पुन्हा झाले नाही. जाताना त्यांनी मला तेलाने पुसले आणि धाकटीला म्हणाले, "मी तुला अर्धंच शिकवलं." ती म्हणाली, "अर्धं तरी कुणी शिकवलं होतं सर आम्हाला?" माझ्या खोलीत कसल्याशा नव्या वर्गाची खोकी येऊन पडली आणि मला उचलून बाहेर वळचणीला ठेवले. नंबर होता म्हणून भंगारात गेलो नाही, एवढेच.

धाकटी तिथेही येत राहिली. सासऱ्यांना डोळ्यांनी कमी दिसे, म्हणून लाँचचे इंजिन तीच बघायची, बिनपगारी. तिच्यामागे जाळी विणणाऱ्याची मुलगी यायची. एका जागी पाय ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिने केंद्रातला वर्ग केलेला होता, शेवटच्या तुकडीत, पण पहिल्या चाचणीच्या वेळी तिचे वय भरत नव्हते. धाकटीने तिला नव्याने शिकवायला घेतले. लाँचच्या डिझेलमधून उरलेसुरले माझ्या टाकीत घालायचे, मला चालू करायचे आणि मग चालत्या इंजिनात खोड्या काढायच्या. कधी हवा शिरू द्यायची, कधी नळी दाबून धरायची. भिंगरीने डोळे मिटून सांगायचे, काय झाले. चुकली की धाकटी बोलायची नाही, पुन्हा चालू करायची.

"वहिनी, तुला काय मिळणार यातून?" भिंगरीने एकदा विचारले. "तुझं तर वय उलटलं."

"मला काही मिळणार नाही," धाकटी म्हणाली. "पण जागा बाहेरच्याला गेली तर तो आठवड्यातून दोन दिवस येईल. मग पाच दिवस बसू सगळे पाण्याकडे बघत. डोळे मीट."

जागा पुन्हा निघाली. साहेब दुसरे होते. भिंगरी लाँचवर चढली आणि कशालाही हात लावण्याआधी टाकीचे झाकण उघडून तिने आत पाहिले. धक्क्यावर हशा पिकला. साहेबांना त्यात हसण्यासारखे काय ते समजले नाही आणि कुणी सांगितलेही नाही. त्यांनी करून ठेवलेला बिघाड भिंगरीने नुसत्या आवाजावरून ओळखला. धाकटी गर्दीत मागे उभी होती. निकाल ऐकल्यावर ती पुढे आली नाही. घरी गेली आणि सामान बांधायला लागली. नवऱ्याने तिच्यासाठीही शहरात काम बघून ठेवले होते. लाँचला आता पगारी माणूस मिळाले होते, बिनपगारीची गरज उरली नव्हती.

ती निघाली तेव्हा मी वळचणीतून पाहत होतो. सासूबाईंनी तिच्या पिशवीत काय काय कोंबले आणि वर म्हणाल्या, "पोहोचलीस की फोन कर. आणि तिथलं काही बिघडलं तर मला विचार, मी पास आहे." मग त्या पदरात तोंड घालून उभ्या राहिल्या. सुकाणूवर नावाडी होते. इंजिनाजवळ भिंगरी होती. धाकटीने तिकिटाचे पैसे पुढे केले तशी भिंगरी मागे सरली.

"वहिनी, तुझं तिकीट फाडू मी? माझा हात झडेल."

"फाड," धाकटी म्हणाली. "सरकारी लाँच आहे. फुकट माणूस नेलंस तर पहिल्याच महिन्यात नोकरी घालवशील. फाड, मी बघतेय."

भिंगरीने तिकीट फाडले. लाँच गेली.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण मोठे होऊन कागद लिहिणारे होतील. लांबच्या वस्तीतल्या माणसांनी काय शिकायचे, ते तुम्ही ठरवाल. तेव्हा 'उघडणे व जोडणे' लिहून झाले की पेन खाली ठेवू नका, पुढे 'चालवणे' असा एक शब्द लिहा आणि त्यासाठी लागेल तेवढे डिझेल द्या. शिकवायला पाठवाल त्या माणसाला वर्षाच्या शेवटी टांगून ठेवू नका. आणि शिकलेली किती झाली एवढेच मोजू नका, त्यांतली वस्तीत राहिली किती तेही विचारा. आमच्याकडे शिकून तयार झालेल्या दोघी होत्या आणि जागा एक होती. भिंगरी राहिली याचा मला आनंद आहे. पण माझ्या उद्घाटनाला माझ्या डोक्यावर हात ठेवून जे बोलले गेले होते, ते धाकटीनेही खरे मानले होते. आता ती शहरात विटा वाहते, असे सासूबाई वळचणीत बसून मला सांगतात.